वडिलांची हवाईयन गिटार: कशी जपावी आणि कोणाच्या हाती द्यावी?

वैनगंगाकाठ

नमस्कार. माझे बाबा ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते आणि वयाच्या विशीपासून अखेरपर्यंत हवाईयन गिटार (आडवी ठेवून, तारांवर पोलादी बार फिरवून वाजवायची) वाजवीत आले. मागच्या पौषात ते गेले. नागपूरला शिक्षकाचे प्रशिक्षण घेत असताना ते हे वाद्य शिकले, आणि पहिल्या पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी कोलकात्याहून मागवलेली गिटार शेवटपर्यंत वापरली. रोवणीच्या दिवसांत बांधीतून परतणारी माणसे आमच्या छपरीसमोर थांबत आणि बाबांनी रेडिओवर ऐकून बसवलेले एखादे चित्रपटगीत पुरते ऐकूनच घरी जात. गावातल्या सामुदायिक प्रार्थनेत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांना खंजिरीच्या जोडीला बाबांची गिटार असे, आणि आमच्या गावाला त्यात कधीच काही वेगळे वाटले नाही.

आता घरात ती गिटार आहे, पोलादी बार आणि बोटांत घालायच्या तीन नख्या आहेत, शाळेच्या हजेरीपत्रकासारख्या जाड वहीत लिहिलेली स्वरलिपी आहे, आणि टेपरेकॉर्डरवर घरीच भरलेल्या काही कॅसेट आहेत. गिटारचा ब्रिज (फळीवर चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा) मागच्या बाजूने उचलला गेला असून तिथे नख शिरेल एवढी फट पडली आहे. तारा गंजल्या आहेत.

वर्षश्राद्ध जवळ येत आहे आणि घरात मते वेगवेगळी आहेत. दादाला गिटार बैठकीत काचेच्या कपाटात, बाबांच्या फोटोखाली ठेवायची आहे. काका म्हणतात की ती शाळेला भेट द्यावी, म्हणजे बाबांचे नाव राहील. आईचे म्हणणे एवढेच की ती वाजली पाहिजे. काही नातेवाइकांना श्राद्धाच्या दिवशी घरात गिटार हे विलायती वाद्य वाजणे प्रशस्त वाटत नाही. मला स्वतःला वाजवता येत नाही, पण आठवीत शिकणारी माझी मुलगी आजोबांजवळ बसून बार धरायला शिकली होती. बाबांच्या या आयुष्यभराच्या आवडीचा मान राखायचा तर काय करणे योग्य होईल, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

जुने_लाकूड

ताई, बाबांना माझा नमस्कार. मी नागपुरात तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून आधी वाद्याविषयी लिहितो. मानाचा विचार त्यानंतर करता येईल.

आजच सहाही तारा सैल करा. पोलादी तारांच्या गिटारवर, सगळ्या तारा सुरात असताना, सुमारे ७० किलोग्रॅमचा ताण असतो आणि तो सगळा ब्रिजला वर ओढत असतो. फट पडली आहे याचा अर्थ जुना गोंद सुटत चालला आहे. ताण तसाच राहिला तर ब्रिज निघताना वरच्या फळीचे पापुद्रेही सोबत घेऊन येईल. त्या फटीत घरातला झटपट चिकटणारा गोंद कृपया कोणालाही ओतू देऊ नका, कारण तो लाकडात मुरतो आणि मग नीट दुरुस्ती करणे फार अवघड होते. योग्य पद्धत अशी की ब्रिज ऊब देऊन पूर्ण सोडवायचा, जुना गोंद खरवडून काढायचा, सरस किंवा लाकडाचा चांगला गोंद लावून शिकंज्यात किमान एक दिवस दाबून ठेवायचा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हवाईयन गिटारच्या तारा मानेवरच्या पट्टीपासून मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, कारण त्या बोटाने दाबायच्या नसतात, वरून बार फिरवायचा असतो. मानेच्या टोकाशी धातूची एक उंच पट्टी बसवलेली तुम्हाला दिसेल. हल्ली बहुतेक दुकानांत फक्त स्पॅनिश गिटार, म्हणजे बोटाने तारा दाबून वाजवायची नेहमीची गिटार येते, त्यामुळे उंच तारा पाहिल्या की कारागीर तो दोष समजून त्या खाली उतरवतो, आणि वाद्य परत येते तेव्हा बार तारेवरून घासताना खाली पट्टीवर आपटू लागतो. दुरुस्तीला देताना ही हवाईयन गिटार आहे हे सांगा, ती धातूची पट्टी वेगळी काढू नका असेही बजावा आणि देण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवा.

आता काचेच्या कपाटाविषयी. ब्रह्मपुरीचे नाव दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत येते. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते; आपल्याकडे मे महिन्याची कोरडी हवा तिला वाळवते आणि आषाढात तीच फळी पाणी पिऊन फुगते. त्यात बैठकीत कूलर चालत असेल तर दिवसभर ओली हवा आणि कूलर बंद झाल्यावर पुन्हा कोरडी, असा मारा रोज होतो. काचेआड बंद ठेवल्याने यातले काही टळत नाही, उलट दुपारचे ऊन काचेवर आले तर आतली हवा आणखी तापते. म्हणून गिटार कडक पेटीत, आतल्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर, पाटावर किंवा तिवईवर ठेवावी. भिंतीला टेकवली की उधई (वाळवी) आधी पेटी धरते. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर तर ती ठेवूच नये. कवेलूचे जुने घर असेल तर त्यातली मधली खोली सर्वांत उत्तम. दादांची इच्छाही मोडायची नसेल तर फोटोखाली बार आणि नख्या ठेवता येतील, पण वाजवणारे कोणी तयार झाले की त्याही लागणारच आहेत.

तरफ

मी अमरावती जिल्ह्यात राहतो आणि हवाईयन गिटारच वाजवतो, त्यामुळे हा प्रश्न वाचून फार जवळचे काही वाचल्यासारखे झाले.

नातेवाइकांच्या शंकेचे उत्तर आधी देतो. हे वाद्य हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले आणि तिथल्या जोसेफ केकुकू यांना त्याचे श्रेय दिले जाते. आपल्याकडे ते रुजले याचे कारण मींड. हार्मोनियमवर एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाता येत नाही. बार फिरवणाऱ्या हाताला मात्र गळ्यासारखी मींड सहज मिळते. पंडित ब्रिजभूषण काब्रा हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य, आणि त्यांनी याच वाद्यावर रागसंगीत वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या बरोबरीने त्यांची गिटार आहे. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफेच्या (मुख्य तारांसोबत आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. चित्रपटगीतांच्या बाजूने व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत पोहोचल्या. आपल्या बाबांनी खंजिरीसोबत भजन वाजवले, तेव्हा ते याच परंपरेतले काम आपल्या गावात करीत होते. त्यांच्या श्राद्धाला ती वाजणे मला तरी पूर्णपणे प्रशस्त वाटते.

शाळेला देण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे, आणि तो शाळेविषयी अनादर म्हणून नाही. ज्या शाळेत हे वाद्य शिकवणारे कोणी नाही तिथे मुले ती उभी धरतील, उंच तारा दाबताना बोटे दुखतील, आणि वर्षभरात गिटार नकाशे व तुटक्या बाकांच्या खोलीत जाईल. नाव राहावे ही काकांची इच्छा रास्त आहे, पण ते नाव त्या खोलीत राहणार नाही.

माझ्या मते घरातली सर्वांत मोलाची वस्तू ती वही आहे. गिटार दुरुस्त होईल, नवीनही मिळेल. बाबांनी कानाने ऐकून, स्वतःच्या हाताला जमेल अशी बसवलेली गाणी फक्त त्या वहीतच आहेत. वही बहुधा भातखंडे पद्धतीने लिहिलेली असेल: स्वराखाली टिंब असेल तर मंद्र (खालचे) सप्तक, वर टिंब असेल तर तार (वरचे) सप्तक, स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, आणि दोन स्वरांवरची कमान म्हणजे मींड. प्रत्येक पानाचे उजेडात, वही न मोडता, सरळ वरून छायाचित्र घ्यावे. पहिल्या पानावर किंवा आतल्या पुठ्ठ्यावर सहा स्वर एका ओळीत लिहिलेले आहेत का, ते पाहावे. ते या गिटारचे जुळणीचे स्वर असतात. जाड तारेकडून बारीक तारेकडे ‘प सा प सा ग प’ असे असेल, तर ती ए मेजरची प्रचलित जुळणी आहे. स्पॅनिश जुळणीच्या तुलनेत हिच्यात बारीक बाजूने दुसरी, तिसरी आणि चौथी अशा तीन तारा पूर्ण एक स्वर वर चढवाव्या लागतात, म्हणून जुन्या वाद्यावर हलक्या तारा लावाव्यात आणि एका दमात न चढवता आळीपाळीने थोड्या थोड्या चढवाव्यात.

मुलीला शिकू द्या. आठवी हे वय उत्तम आहे. पहिले सहा महिने तिला फक्त बार तारांवर सरळ ठेवणे, बारच्या मागे करंगळीकडची बोटे टेकवून नको असलेला झणत्कार दाबणे आणि सा ते प सुरेल जाणे, एवढेच करू द्यावे. पट्टीवरच्या धातूच्या रेघेच्या थेट वर बार आला की स्वर लागतो, रेघांच्या मधोमध नाही; स्पॅनिश गिटार पाहिलेल्या मुलांचे इथेच चुकते.

पानझड

कॅसेटबद्दल थोडे. टेपरेकॉर्डरमध्ये लगेच टाकू नका. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान चौकोनी पाती असतात, ती मोडून टाका, म्हणजे चुकून वर नवीन काही भरले जाणार नाही. मधल्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळी ठेवा, नाहीतर यंत्राच्या फीत वाचणाऱ्या हेडवरून ती बाकीच्या कॅसेटना लागते. फितीला दाबून धरणारा बारीक नमद्याचा तुकडा जागेवर आहे ना, तेही पाहा. तो निखळला असेल तर आवाज दबका आणि खरखरीत येतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा आणि मग तारेने संगणकाला जोडून ‘वेव्ह’ स्वरूपात भरा. खरखर काढण्याची घाई करू नका. मूळ जसेच्या तसे तीन ठिकाणी ठेवा आणि सफाई दुसऱ्या प्रतीवर करा. गाण्याच्या आधी किंवा नंतर घरातले बोलणे, बाबांचे खाकरणे, ‘आता हे ऐका’ असे काही असेल तर ते कापू नका.

झाडीकर

ताई, मी देसाईगंज वडसा भागात झाडीपट्टी नाटकांच्या संगीतात आहे. तुमच्या तालुक्यातल्या मंडईत (दिवाळीनंतरच्या जत्रेत) मी अनेकदा वाजवले आहे आणि आपल्याकडे गिटार वाजवणाऱ्या जुन्या शिक्षकांना कलावंत मंडळी किती मानतात ते मला ठाऊक आहे.

कार्यक्रम ठरवीत असाल तर एक अडचण आधीच लक्षात घ्या. आमचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो आणि पौष त्याच्या ऐन मध्यात येतो. ऑर्गन, तबला, क्लॅरिनेट वाजवणारी मंडळी रात्रभर रंगमंचासमोर असतात आणि सकाळी झोपतात, त्यामुळे संध्याकाळी बोलावलेत तर कोणी येऊ शकणार नाही. दुपारी तीनच्या सुमारास ठेवलेत तर तास दीड तास आनंदाने बसतील. मोठा मंडप आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती नकोत. ही गिटार विजेशिवायची असेल तर तिच्यासमोर एक साधा माईक ठेवा आणि तबला हलक्या हाताने वाजवायला सांगा. सुरुवात गावच्या प्रार्थनेने आणि खंजिरी भजनाने करावी, कारण तिथल्या लोकांच्या कानांत बाबांची गिटार त्या भजनांसोबतच आहे. सत्कार, शाली, मान्यवरांची भाषणे यांत वेळ घालवू नये असे मला मनापासून वाटते. बाबांकडे शिकलेला किंवा त्यांच्यासोबत वाजवलेला एकही माणूस आसपासच्या गावांत असेल, तर त्याचा शोध आत्तापासून घ्या आणि पहिले आमंत्रण त्याला द्या.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तारा त्याच दिवशी सैल केल्या. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर बाबांच्या अक्षरात ‘प सा प सा ग प’ लिहिलेले सापडले आणि त्याखाली प्रत्येक तारेची जाडीही नोंदवलेली आहे. ही सगळी उत्तरे मी आई आणि दादा दोघांना वाचून दाखवली. उन्हाविषयीचा मजकूर ऐकल्यावर दादानेच कपाटाचा आग्रह सोडला आणि दिवाळीपूर्वी गिटार दुरुस्तीला नेण्याचे त्याने अंगावर घेतले आहे. काकांशी बोलणे झाले. शाळेला त्या वहीची बांधलेली प्रत आणि कॅसेटवरचे ध्वनिमुद्रण द्यायचे, गिटार घरी राहील, यावर ते राजी आहेत.

प्रार्थनेत बाबांसोबत खंजिरी वाजवणारे एक आजोबा शेजारच्या गावात आहेत. ऐंशीच्या पुढचे आहेत, हात अजून चालतो. त्यांना दुपारी गाडीने आणायचे ठरले आहे. मुलगी तोपर्यंत पूर्ण भजन वाजवू शकणार नाही, पण ध्रुवपद तिच्याकडून तयार करून घ्यावे असे आईच्या मनात आहे, म्हणून ‘तरफ’ यांना एक विचारते: वहीत त्या भजनाच्या ध्रुवपदावर दोन ठिकाणी कमानीखाली तीन तीन स्वर आहेत. नवशिक्या हाताने ती मींड सलग घ्यावी, की तूर्त स्वर वेगळे वाजवलेले चालतील? पानाचे छायाचित्र सोबत जोडत आहे.

तरफ

छायाचित्र पाहिले, अक्षर फार सुंदर आहे. पहिली मींड ग वरून सा कडे उतरते, ती एकाच तारेवर आहे आणि चार घरांचीच (पट्टीवरच्या दोन रेघांमधले अंतर म्हणजे एक घर) आहे. ती सलगच घेऊ द्या, तेवढे तिला दोन महिन्यांत जमेल. दुसरी सप्तक ओलांडते, तिथे तूर्त फक्त पहिला आणि शेवटचा स्वर वाजवावा. गिटार दुरुस्तीहून येईपर्यंत सरावासाठी माझ्याकडची एक जुनी हवाईयन गिटार वापरायला देतो, दादांना अमरावतीला येणे जमेल तेव्हा घेऊन जावी.