बारावीला गणित नव्हते, बी.एस्सी.ला रसायनशास्त्र हाच मुख्य विषय ठेवावा का?

प्रश्न – विद्यार्थिनी, दर्यापूर तालुका

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यातली असून अमरावतीच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होते आणि बारावीला मी गणिताऐवजी जीवशास्त्र घेतले होते. ऑरगॅनिक केमिस्ट्री मला मनापासून आवडते. इलेक्ट्रॉन कोठून कोठे जातात हे एकदा कळले की अभिक्रियेची पुढची पायरी सुचत जाते. फिजिकल केमिस्ट्रीच्या तासाला मात्र फळ्यावर डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन सुरू झाले की त्यात रसायनशास्त्र कोठे आहे हेच मला दिसेनासे होते. शिवाय प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये इतकी मुले असतात की ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची नळी) एकाच्या हाती आणि वाचने सगळ्यांच्या वहीत, असे पुष्कळदा घडते. घरचे म्हणतात, वनस्पतिशास्त्र घे. मला रसायनशास्त्रातच एम.एस्सी. करायची आहे. गणिताची उणीव भरून निघू शकते का?

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, अकोला

बेटा, केवळ गणितापायी विषय सोडू नकोस. बी.एस्सी.च्या फिजिकल केमिस्ट्रीला लागणारे गणित मर्यादित आहे: लॉगॅरिथम, साधी डेरिव्हेटिव्ह, मोजक्या प्रकारचे इंटिग्रेशन, सरळ रेषेचे समीकरण आणि थर्मोडायनॅमिक्ससाठी पार्शल डेरिव्हेटिव्हची ओळख. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतील तेवढीच प्रकरणे सुट्टीत वही-पेन घेऊन सोडव, नुसती वाचू नकोस.

फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेचे समीकरणच पाहा. पदार्थ निम्मा उरला की त्याच्या संपण्याचा वेगही निम्मा होतो, एवढेच ते समीकरण सांगते. इंटिग्रेशन केल्यावर तीव्रतेचा नैसर्गिक लॉगॅरिथम काळाबरोबर सरळ रेषेत उतरत जातो आणि त्या रेषेच्या उतारावरून वेगस्थिरांक मिळतो. अर्धायुष्य, म्हणजे पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ, हे ०.६९३ भागिले वेगस्थिरांक इतके असते. त्यात सुरुवातीची तीव्रता कोठेच येत नाही, म्हणून शंभराचे पन्नास व्हायला २० मिनिटे लागली असतील तर पन्नासाचे पंचवीस व्हायलाही २० मिनिटेच लागतात. प्रत्येक समीकरण आधी असे मराठीत, पूर्ण वाक्यात लिहून काढ आणि मगच चिन्हांकडे वळ.

मिथाइल अ‍ॅसिटेटच्या हायड्रॉलिसिसचे (पाण्याने होणाऱ्या विघटनाचे) प्रॅक्टिकल कराल तेव्हा ठरावीक वेळाने काढलेला नमुना बर्फाच्या पाण्यात घालून सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करावा लागेल, म्हणजे ते किती लागले यावरून नमुन्यातील आम्ल मोजावे लागेल. थंडीने आणि पातळ झाल्याने अभिक्रिया जवळजवळ थांबते, म्हणून त्या क्षणाचे वाचन हाती लागते. लॉगॅरिथम आणि काळ यांचा तो सरळ रेषेचा आलेख स्वतःच्या वाचनांवरून काढलास की फळ्यावरचे इंटिग्रेशन परके वाटणार नाही.

उत्तर – एम.एस्सी. विद्यार्थिनी, नागपूर

गणिताविषयी सरांनी सविस्तर सांगितलेच आहे. मला प्रयोगशाळेविषयी कळकळीने सांगायचे आहे. दुसऱ्याची वाचने उतरवून जर्नल पूर्ण होते, हात मात्र तयार होत नाही. बॅच संपल्यावर थोडा वेळ थांबू देण्याची विनंती मॅडमना स्पष्टपणे कर. विचारणारे फार थोडे असतात आणि शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत.

तू खारपाणपट्ट्यातली, म्हणजे भूजल खारे असलेल्या भागातली आहेस, तेव्हा शिकण्यासारखा नमुना तुझ्या घरीच आहे. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, ई.डी.टी.ए. या त्यांना बांधून घेणाऱ्या रसायनाच्या टायट्रेशनने मोजतात: पीएच १० चे अमोनिया बफर घालायचे, एरिओक्रोम ब्लॅक टी हा निर्देशक टाकायचा आणि लालसर रंगाचा निळा होईपर्यंत ई.डी.टी.ए.चे थेंब सोडायचे. ०.०१ मोलर ई.डी.टी.ए.चा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेट लागते आणि ते महाग असल्याने महाविद्यालये जपून देतात, म्हणून आधी कठीणपणाच मोज. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा जातो, क्लोराइड व सल्फेटमुळे आलेला राहतो. उकळण्यापूर्वीचे आणि नंतरचे पाणी मोजलेस तर हा फरक तुझ्याच आकड्यांत दिसेल.

एम.एस्सी.साठी जॅम (आय.आय.टी.सारख्या संस्थांतील एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) या परीक्षेचाही विचार कर. तीन तासांत ६० प्रश्न व १०० गुण असतात. त्यांत उत्तराचा आकडा स्वतः काढून लिहायचेही प्रश्न असल्याने सरांनी सांगितलेले गणित तेथेही उपयोगी पडेल.

प्रश्नकर्ती

सर, ताई, मनापासून आभार. मी रसायनशास्त्रच ठेवणार आहे. गावच्या हातपंपाचे पाणी आणायचे असेल तर ते कशात आणावे?

उत्तर – पाणी तपासणी प्रयोगशाळेतील कर्मचारी, यवतमाळ

कठीणपणा आणि क्लोराइडसाठी प्लास्टिकची स्वच्छ बाटली चालते. हातपंप आधी काही मिनिटे चालवून नळीत साचलेले पाणी जाऊ द्यावे, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरून घट्ट बंद करावी आणि गाव, पंपाची जागा, तारीख व वेळ त्याच ठिकाणी बाटलीवर लिहावी. उकळून तपासायचे पाणी वेगळ्या बाटलीत आणावे आणि उकळताना जितके आटले असेल तितके डिस्टिल्ड वॉटर घालून आकारमान पूर्ववत करून घ्यावे, नाहीतर दोन्ही आकड्यांची तुलना होऊ शकणार नाही.