काटा वर जातोय पण गाडी तापत नाहीये

बी ३०२ काका: मंडळी गाडीतलं कळणारं कोणी जागं आहे का. काल रात्री साताऱ्याला निघालो, खंबाटकी चढताना धो धो पाऊस आणि टेम्परेचरचा काटा हळूहळू एच कडे, पोटात गोळाच आला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर वाफ नाही काही नाही, टाकीत कूलंट बरोबर. आत येऊन हेडलाइट बंद केले तर काटा आपोआप खाली!! गॅरेजवाला म्हणतोय हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) गेलं, इंजिन खोलावं लागेल

ए १०४ वहिनी: बाप रे. काका गरम असताना रेडिएटरचं झाकण नाही ना उघडलंत 🙏

सी ५०१: काका थांबा, इंजिन खोलू देऊ नका. लाइट बंद केल्यावर इंजिन दोन सेकंदात थंड होतं का?? हे करंटचं काम आहे. पेट्रोलचा काटा पण वर गेला होता का?

बी ३०२ काका: नाही, तो होता तिथेच. 98 चं मॉडेल आहे बरं का

सी ५०१: मग बहुतेक अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीला परत जायची मायनसची वाट. तो काटा तापमान थेट बघत नाही, इंजिनवरच्या सेन्सरमधून किती करंट जातोय तेवढंच दाखवतो. सेन्सर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, करंट वाढतो, काटा वर. पण व्होल्ट वाढले तरी करंट वाढणारच ना, आणि बंद गाडीत बॅटरी साडेबारा व्होल्ट तर चालू गाडीत चौदा, म्हणून जुन्या गाड्यांत मीटरच्या मागे छोटा स्टॅबिलायझर असायचा, आपल्या फ्रिजला असतो तसाच. ब्रिटिश गाड्यांत तो साधारण 10 व्होल्ट द्यायचा. तो बिघडला की पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकदम वर जातात. तुमचा एकच गेला, आणि तोसुद्धा लाइटवर

बी ३०२ काका: म्हणजे?

सी ५०१: सेन्सरचा मायनस इंजिनमधून, मीटरचा बॉडीमधून. इंजिन ते बॉडी जी पट्टी असते ती गंजली की हेडलाइट, वायपर, ब्लोअरचा सगळा करंट तिथे अडकतो आणि बॉडीचा मायनस अर्धा-एक व्होल्ट वर उचलला जातो. इंजिन मात्र खालीच राहतं. तेवढे व्होल्ट सेन्सरच्या वाट्याला जास्तीचे, काटा वर. पेट्रोलच्या टाकीचा मायनस बॉडीलाच असतो म्हणून तो काटा हलला नाही. मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, गाडी चालू, लाइट ब्लोअर सगळं लावा, लाल पिन बॉडीच्या उघड्या बोल्टला आणि काळी बॅटरीच्या मायनसला. 0.2 च्या आत ठीक

ए १०४ वहिनी: आमच्याकडे आहे मल्टीमीटर, गीझरच्या वेळचा. मुलाला पाठवते खाली

(दुपारी)

बी ३०२ काका: 0.9 दाखवतंय. लाइट बंद केले की 0.2

सी ५०१: झालं मग. बॅटरीचा मायनस आधी काढा, पट्टी सोडवा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नंतर थोडं ग्रीस. पट्टीच्या तारा आतून हिरव्या झाल्या असतील तर नवीनच टाका, स्वस्त असते

डी २०३: माझ्या नव्या गाडीत काटा मधून हलतच नाही, ते काय मग

सी ५०१: तुमच्यात कॉम्प्युटर सेन्सरला वेगळे 5 व्होल्ट देतो आणि बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्ये धरून ठेवतात, मधलं खालीवर दाखवतच नाहीत. वर दिसेल तेव्हा खरंच तापलेली असते, तेव्हा मात्र लगेच बाजूला घ्या हो, लाइट बंद करून बघत बसू नका

बी ३०२ काका: पट्टीच्या तारा हिरव्या नाही, निम्म्या तर तुटल्याच होत्या. नवीन टाकली, 0.1 आलंय, लाइट ब्लोअर लावून गेटपर्यंत दोन चकरा मारल्या काटा जागचा हलला नाही. गॅरेजवाल्याला फोन करून इंजिन खोलू नको म्हणून सांगितलं. वहिनी मल्टीमीटर वॉचमनकडे ठेवलाय