मदत हवी आहे : जुन्या डेस्कटॉपसाठी आधी एसएसडी की रॅम?

घरचा डेस्कटॉप फार मंद झाला असून, ४,००० रुपयांच्या आत त्याचा वेग वाढवायचा आहे; त्यासाठी आधी एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान साठवण) घ्यावी की रॅम (चालू कामासाठीची मेमरी) वाढवावी, हा प्रश्न आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय३-४१३०, मदरबोर्ड एच८१ चिपसेटचा, ४ जीबी डीडीआर३ (जुन्या पिढीच्या) रॅमची एकच पट्टी (दुसरा स्लॉट रिकामा) आणि ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क अशी रचना आहे. वापर मराठी टंकलेखन, एक्सेलमधील हिशेब आणि मुलांचे ऑनलाइन वर्ग एवढाच. गेम कोणी खेळत नाही.

स्टार्टअपमधील अनावश्यक प्रोग्रॅम बंद केले, विंडोज १० नव्याने टाकली, धूळ काढून प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही बदलली, तरी फरक नाममात्रच पडला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर बराच वेळ १०० टक्के दिसतो आणि ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडताच मेमरीही जवळजवळ भरते, त्यामुळे मूळ अडसर डिस्कचा आहे की रॅम कमी पडल्याने डिस्कवर ताण येतो, हे ठरवता येत नाही.

बोर्डावर एम.२ स्लॉट (छोटी एसएसडी थेट बोर्डावर बसवण्याची जागा) नसल्याने २.५ इंची साटा (हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची) एसएसडीच बसेल. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम वापरण्याचीही तयारी आहे. नवा संगणक घेण्याचा सल्ला मात्र कृपया नको.

या खर्चात २५६ जीबीची एसएसडी आणि वापरलेली डीडीआर३ रॅम दोन्ही घ्यावीत, की सगळा पैसा एकाच गोष्टीवर घालावा? जुन्या ४ जीबीच्या पट्टीसोबत ८ जीबीची पट्टी चालेल का?