मदत हवी आहे: तीन धुराड्यांची ही बोट कोणती?

मंडळी, पणजोबा विलायतेला निघाले तेव्हाचा मुंबईच्या बॅलार्ड पियर धक्क्यावरचा फोटो सापडलाय. मागे फक्त '१९३६, पी अँड ओ' (ही ब्रिटिश जहाज कंपनी) एवढंच. बोट पांढरी, तीन धुराडी. म्हणजे स्ट्रॅथनेव्हर (१९३१) किंवा तिची जुळी स्ट्रॅथेअर्ड (१९३२). त्याच कंपनीच्या स्ट्रॅथमोरला एकच धुराडं होतं, ती बाद. गंमत म्हणजे या जुळ्या बोटींच्या तीन धुराड्यांतलं मधलंच खरं, बाकीची दोन निव्वळ शोभेची! युद्धानंतर ती काढूनही टाकली.

पुढच्या टोकावरचं नाव फोटोत नेमकं गर्दीआड गेलंय. या दोघी बोटी फोटोवरून वेगळ्या ओळखता येतात का? ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या उतारूंच्या याद्या कुणी चाळल्या आहेत का? मराठी आडनावं तिथे कोणत्या स्पेलिंगने शोधावीत?