स्पर्धेला निघालं की घोडी चंदीला तोंड लावत नाही. काय करू?

तांबूस_आयाळ
मंडळी, सल्ला हवाय. घोडी आठ वर्षांची, वजन अंदाजे 450 किलो, शो जंपिंग करते. घरच्या पागेत तोबरा चाटूनपुसून साफ. पण ट्रेलर नुसता दारात लागला तरी हिचं चित्त उडतं. सहा तासांच्या प्रवासात जाळीतल्या गवताची काडी ओढत नाही. मुक्कामाला पोचल्यावर दीड दिवस चंदी तशीच पडून, पाण्याचा नुसता वास घेते. तिसऱ्या दिवशी कुठे खायला लागते, तोवर आमची परत निघायची वेळ. मागच्या खेपेला बरगड्या मोजता येत होत्या. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर, घोडामैदान जवळच आहे.
दोन अटी. नवा ट्रेलर घेणार नाही. पावडरींचे महागडे डबे घेणार नाही.

चौखूर
नवा ट्रेलर घ्या. आमचा जुना अरुंद होता, घोडा घामाने निथळत उतरायचा. रुंद घेतला आणि पहिल्याच खेपेला जाळी फस्त. अट वाचली, पण खरं ते सांगितलं.

खोगीरभरती
ट्रेलरने काही होत नसतं. मॅग्नेशियमची पावडर सुरू करा, आमचा घोडा चार दिवसांत गाईसारखा झाला. तीन डबे घेतले की फरक कळतो.

तांबूस_आयाळ
दादा, अट क्रमांक दोन.

खोगीरभरती
मग दोन डबे घ्या.

जुना_मोतद्दार
आधी पोटाचं बघा. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, खाल्लं काय नि न खाल्लं काय. त्याला मारणारी लाळ मात्र चावल्याशिवाय सुटत नाही. सहा तास तोंड बंद म्हणजे सहा तास आम्ल नुसतं हिंदकळतंय. जठराच्या वरच्या भागाला खालच्यासारखं बुळबुळीत अस्तर नसतं, व्रण तिथेच पडतात. मग पोट दुखतं म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून पोट दुखतं. चंदीकडे पाठ फिरवून गवत चघळणारं घोडं दिसलं की मला पहिली शंका तीच येते.
तेव्हा चंदीची काळजी सोडा, गवताची करा. सुका चारा दिवसाला वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, दोन टक्के उत्तम. 450 किलोला पावणेसात ते नऊ किलो. निघण्याआधी आणि स्वारीच्या अर्धा तास आधी दोन मुठी लसूणघास द्या, त्यातलं कॅल्शियम आम्ल जरा शोषून घेतं. आणि डॉक्टर बोलवा. व्रण आहेत की नाहीत हे दुर्बीण घातल्याशिवाय कळत नाही, बाहेरून सगळे अंदाज.

आडमुठं_तट्टू
450 हे डोळ्यांनी मोजलं का? टेप घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले 11,880. बहुतेक जण आपलं घोडं फुगवून सांगतात.

तांबूस_आयाळ
घेर 178, लांबी 157. उत्तर 419 आलं. गप्प बसते.

पांढरपाय
आमच्या घोड्याला बोकड दिला सोबतीला. पहिल्या आठवड्यात बोकडाने घोड्याचं शेपूट खाल्लं, पण घोडा खायला लागला. आता बोकड आजारी पडला की घोडा उपाशी. दोघांचा दाणा वेगळा, डॉक्टर वेगळा. तरी मी म्हणेन बोकड घ्याच.

चौखूर
आणि बोकड कशात नेणार? म्हणूनच म्हटलं, रुंद ट्रेलर.

निळी_झूल
बोकड नको, आरसा लावा. एकट्याने प्रवास करणारं घोडं आपलंच प्रतिबिंब सोबती समजून थोडं थारतं. काचेचा मात्र नको, न फुटणारा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा.

आडमुठं_तट्टू
आमच्याने आरशातल्या घोड्याला लाथ घातली.

घागरभर
सगळे खाण्यावर बोलताय, पाण्याचं कोणी बोलत नाही. कोरडं घोडं कोरडं गवत गिळत नाही. आमच्या घोड्याला प्रवासातून आल्यावर लीद अडकून पोटशूळ झाला होता, रात्रभर फिरवत होतो. घोड्याला ओकारी येत नाही, जे अडकलं ते पुढेच सरकावं लागतं. तेव्हापासून: गवत पाण्यात भिजवून जाळीत भरायचं. धूळही बसते, पाणीही पोटात जातं. बीटचा चोथा भिजवून पातळ करून द्यायचा, कोरडा कधीच नाही, घशात अडकतो. नवीन जागेच्या पाण्याला वास येतो म्हणून घरी आठवडाभर आधी बादलीत सफरचंदाचा रस थोडासा घालून सवय लावायची, मग तिकडेही तोच रस. बादली घरचीच न्यायची. मीठ आणि क्षारांची भुकटी पाणी पिणाऱ्या घोड्यालाच द्यायची. न पिणाऱ्याला दिलीत तर आणखी सुकेल.
लीद मोजा. दिवसाला आठ ते बारा वेळा पडायला हवी. कमी झाली, कोरडी गोळी पडायला लागली, की स्पर्धा गेली खड्ड्यात.

खोगीरभरती
क्षारसुद्धा पावडरच असते, बरं का.

जुना_मोतद्दार
घागरभर यांना शंभर टक्के अनुमोदन. एक भर: वाटेत दर तीन-चार तासांनी थांबा आणि दोर सैल करून मान खाली करू द्या. मान वर बांधून तासन्‌तास उभं राहिलेल्या घोड्याच्या छातीतली घाण बाहेर पडत नाही, न्यूमोनिया होतो. पोचल्यावर दोन-तीन दिवस ताप बघत जा. 38.5 च्या वर गेला तर डॉक्टर.

चौखूर
उलट्या तोंडाने उभं केलं तर हे प्रश्नच येत नाहीत. शेपूट इंजिनाकडे.

आडमुठं_तट्टू
चुकीचं. आमचा पुढे तोंड करूनच बरा राहतो.

चौखूर
तुमचा आरशाला लाथा घालतो, त्याचं उदाहरण देऊ नका.

(पुढचे अकरा प्रतिसाद तोंड पुढे की मागे यावरच झाले, ते गाळून वाचावेत.)

वेगळी_वाट
शांत करणाऱ्या वनस्पतींच्या नादी लागू नका. व्हॅलेरियन एफईआयच्या (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) मनाई यादीत आहे. चॉकलेट, चहाची पत्तीसुद्धा नको, त्यातलं कॅफिन आणि थिओब्रोमिन तपासणीत निघतं. ओमेप्राझोलला (जठरातलं आम्ल कमी करणारं औषध) एफईआयची मनाई नाही, पण ते डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि आपल्या स्पर्धेचे नियम वाचून. आमच्याकडच्या एका स्वाराचं बक्षीस एका डब्यावरचं बारीक अक्षर न वाचल्याने गेलं. स्वार मीच.

खोगीरभरती
मॅग्नेशियमचं काय? त्यात तसलं काही नसतं. डबा आणून दाखवू का?

वरातीमागून
आत्ताच धागा पाहिला. गवत भिजवून द्या, बादली घरची न्या, पोटाची तपासणी करून घ्या. आणि रुंद ट्रेलर घेता येईल का बघा.

घागरभर
वरातीमागून, नाव सार्थ केलंत.

तांबूस_आयाळ
सगळ्यांचे आभार. डॉक्टर येऊन गेले. दुर्बिणीसाठी आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं होतं, तेवढंच हिला आवडलं असावं. वरच्या भागात तीन-चार लाल डाग निघाले, फार खोल नाहीत. औषध सुरू आहे, रिकाम्या पोटी, खाण्याच्या आधी तासभर.
ठरलं असं: या स्पर्धेला नाव नोंदवलेलंच राहील, पण उड्या मारायच्या नाहीत. ट्रेलर, सहा तास, रात्रीचा मुक्काम, सकाळी हातात दोर धरून चरायला, आणि परत. चंदी अजिबात नेणार नाही, फक्त भिजवलेलं गवत, लसूणघास आणि घरची बादली. बोकड नाही, आरसा नाही.

जुना_मोतद्दार
थोडी चंदी तरी न्या. अगदीच नाही म्हणजे काय?

पांढरपाय
बोकडाचा एकदा विचार करा, मी सोडायला तयार आहे.

तांबूस_आयाळ
परत आले. प्रवासात अर्धी जाळी गेली, तीही पहिल्या थांब्यानंतर मान खाली केल्यावर. पोचल्यावर घरच्या बादलीतलं पाणी प्यायली, शेजारच्या घोड्याची चंदी मात्र जाळीतून तोंड घालून खाल्ली. त्याचा मालक अजून माझ्याशी बोलत नाहीये.

आडमुठं_तट्टू
त्याची चंदी कोणती होती ते विचारा.