चौथ्या क्रमांकाच्या संघाला विजेतेपदाची संधी मिळावी का?

बालेवाडीचा प्रेक्षक:
इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेत प्ले-ऑफ, म्हणजे साखळीनंतर वरच्या क्रमांकांच्या संघांत होणारे बाद सामने, नसावेत आणि साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघालाच विजेता घोषित करावे, यावर आमच्या शनिवारच्या टर्फवरील मंडळींचे एकमत झाले आहे. विरोधात मी एकटाच आहे, म्हणून येथे लिहितो.

२०१७-१८ च्या हंगामात एफसी पुणे सिटी ३० गुणांसह चौथा आला आणि प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. ७ मार्चला बालेवाडीत बंगळुरूविरुद्धचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो. ११ मार्चचा दुसरा सामना कोथरूडला मित्राच्या घरी पाहिला. बंगळुरूच्या सुनील छेत्रीने १५ व्या मिनिटाला हेडरवर आणि ६५ व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केल्यावर मित्राचे वडील ‘आता बातम्या लावा’ म्हणू लागले होते. ८२ व्या मिनिटाला पुण्याच्या जोनातन लुक्काची फ्री-किक जाळ्यात गेली आणि माझ्या हातातील भेळ गादीवर सांडली, ती सामना संपेपर्यंत तशीच पडून होती. आणखी एक गोल झाला असता तर बरोबरी होती. ८९ व्या मिनिटाला छेत्रीने हॅट्ट्रिक पूर्ण केली. मधली सात मिनिटे मला गुणतक्त्याने कधीच दिली नसती.

गुणतक्त्याचा पाईक:
आपली सात मिनिटे खरी आहेत, पण त्यांची किंमत दुसऱ्याने मोजली. बंगळुरूने त्या साखळीत १८ सामन्यांत ४० गुण मिळवले होते, म्हणजे पुण्यापेक्षा १० आणि दुसऱ्या क्रमांकाच्या चेन्नईयिनपेक्षा ८ अधिक. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मेहनत करून अव्वल ठरलेला हा संघ १७ मार्चला स्वतःच्याच मैदानावर अंतिम सामना ३-२ असा हरला आणि करंडक चेन्नईला गेला. २०१२-१३ च्या आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमध्ये आपला पुणे एफसी (हा एफसी पुणे सिटीहून वेगळा क्लब) दुसरा आला होता. तेथे प्ले-ऑफ नव्हते, आणि चर्चिल ब्रदर्सने आपल्यावर अन्याय केला असे म्हणणारा एकही पुणेकर मला भेटला नाही. पुणेकर तक्रारीची संधी सहसा सोडत नाही, हे लक्षात घ्यावे.

बालेवाडीचा प्रेक्षक:
साखळीतील मेहनत वाया जाऊ नये म्हणूनच २०१९-२० पासून अव्वल संघाला स्वतंत्र शील्ड दिली जाऊ लागली. दुसरे असे की, आपल्या लीगमध्ये तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत जाण्याची भीती नव्हती. प्ले-ऑफही नसते, तर जानेवारीनंतर मधल्या क्रमांकाच्या संघांनी कशासाठी धावायचे आणि प्रेक्षकांनी हिंजवडीच्या वाहतुकीतून वाट काढत बालेवाडी का गाठायची?

नारिंगी मफलर:
आपण दोघेही पराभवाचे दुःख मोजत बसला आहात. पराभव पुढच्या हंगामात भरून निघतो. २०१९ मध्ये आमचा एफसी पुणे सिटी क्लबच बंद झाला, ते कसे भरून निघणार? त्याच्या जागी आलेल्या हैदराबादने मार्च २०२२ मध्ये फातोर्डाला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून करंडक जिंकला. मी तो सामना पूर्ण पाहिला आणि कोणाच्या बाजूने ओरडायचे हे मला अखेरपर्यंत ठरवता आले नाही. मफलर मात्र कपाटात तसाच आहे. आई दर दिवाळीला तो टाकून देऊ का, असे विचारते.

गुणतक्त्याचा पाईक:
ताई, आपल्या दुःखापुढे माझे आकडे थिटे आहेत, हे मान्य. तरी मुद्दा सोडत नाही. २०२२-२३ मध्ये ११ संघांपैकी ६ संघ प्ले-ऑफला घेतले गेले, म्हणजे निम्म्याहून अधिक. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकासाठी तर एकच बाद सामना. त्यातच मार्च २०२३ मध्ये छेत्रीने अतिरिक्त वेळेत झटपट घेतलेली फ्री-किक गोल ठरली आणि केरळचा संघ मैदान सोडून निघून गेला. हंगामाचा निकाल असा लागावा काय?

बालेवाडीचा प्रेक्षक:
सहा संघ जास्त होतात, हे मलाही पटते. चार पुरे. पण चार तरी हवेतच.

गुणतक्त्याचा पाईक:
एक विचारू? २०१८ चा तो अंतिम सामना, ज्यात बंगळुरूवर अन्याय झाला असे मी म्हणतो, तो आपण पाहिला होता का?

बालेवाडीचा प्रेक्षक:
लावला होता. नवव्या मिनिटाला पुन्हा छेत्रीनेच गोल केला, तेव्हा बंद केला. चेन्नई जिंकल्याचे दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात वाचले आणि, खोटे कशाला सांगू, त्या वेळी न्याय-अन्याय काहीही मनात आले नाही; चहा मात्र दोन कप घेतला.