मदत हवी आहे: पाचातली एकच कोंबडी उरली, काय घुसलं असेल आणि पुढे काय करू?

एक्सरची सून

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, त्यामुळे हा प्रश्न चुकीच्या विभागात पडला असेल तर सांगा, हलवते. जरा लांबण लागणार आहे.

बोरिवली पश्चिमेला एक्सर गावठाणात आमचं जुनं कौलारू घर आहे. तिन्ही बाजूंना टॉवर, मधे आम्ही. मागच्या परसात चिकूचं झाड, पाण्याचा निळा ड्रम आणि खुराडं. २०२० चं लॉकडाऊन जरा सैल झालं तेव्हा मिस्टरांच्या मामेभावाने सफाळ्याहून सहा गावठी पिल्लं आणून दिली. त्यातला एक कोंबडा निघाला. पहाटे पावणेपाचला आरवायचा. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा घरी येऊन गेले, तिसऱ्यांदा येण्याआधीच त्याला परत सफाळ्याला धाडलं. मग काही गेल्या, काही आल्या. पहिली दोन पिल्लं घारीने नेली, ती माझ्या डोळ्यांदेखत. मी कपडे वाळत घालत होते आणि हातातला चिमटा फेकून मारण्यापलीकडे काही सुचलं नाही. २०२२ च्या पावसाळ्यात मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, तीन गेल्या. मागच्या आठवड्यापर्यंत पाच होत्या: भुरी, काजू, ठिपकी, तुरेवाली आणि मोठीबाय.

हे सगळं अंड्यांसाठी केलं असं सांगितलं तर खोटं होईल. अंडी मिळतात, दिवसाला दोन-तीन, पिसं झडायच्या दिवसांत एकही नाही. पण ऑफिसातून आल्यावर परसात स्टूल टाकून बसायचं आणि त्या राखेत लोळतात ते बघायचं. एक पंख वर, एक पाय ताणलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि मधेच अंग झाडलं की राख माझ्या चहात. बाजारातली कोळीण बोंबलाची डोकी देते, ती घातली की आमच्या सासूबाई दुसऱ्या दिवशी ऑम्लेट बाजूला सारतात, "अंड्याला म्हावऱ्याचा वास येतोय."

खुराडं सकाळी उघडायचं काम मुलाचं (सातवीत आहे), बंद करायचं आईंचं, म्हणजे सासूबाईंचं. दिवेलागणीला कोंबड्या आपल्या आपण येतात आणि दांडीवर ठरल्या जागी बसतात. भुरी भिंतीकडे, तिच्या शेजारी दुसरं कुणी बसायचं नाही. आई बोटाने मोजतात, "एक, दोन, तीन, चार, पाच, चला." कडी घालतात आणि मगच देवापुढे दिवा लावतात.

गेल्या गुरुवारी आई नणंदेकडे विरारला सत्यनारायणाला गेल्या, मुक्कामी. मिस्टरांची रात्रपाळी. मला ऑफिसातून निघायलाच साडेआठ झाले, घरी पोचले तेव्हा दहा. मुलाला शेजारच्या काकूंकडून आणलं, परसात जाऊन टॉर्च मारला, पाचही बसलेल्या. मोजल्या. दार लोटलं. इथपर्यंत आठवतं. कडी घातली का, ते आठवत नाही. फोन वाजत होता हे मात्र आठवतं.

सकाळी सहाला मुलगा मागे गेला. परसातूनच ओरडला, "मम्मी, इतक्या लवकर भात लावलायस?" मी म्हटलं, नाही रे. मग बराच वेळ काही आवाज नाही. मग आत आला आणि नुसता उभा राहिला.

तीन आतच मेलेल्या. मानेवर दातांच्या खुणा, बाकी अंग जवळजवळ तसंच. ठिपकीचं डोकं नव्हतं. काजू गायब, चिकूखाली तिच्या पिसांचा पुंजका. भुरी तेवढी अंडी घालायच्या खोक्यामागे कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. आज चौथा दिवस. ती दाणे चिवडते, खात नाही. अंडं नाही. संध्याकाळी दांडीवर चढत नाही, खालीच बसते.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. काय आलं असेल? मुंगूस, घूस, मांजर? भुरीला काय करू? आणि तिच्या सोबतीला लगेच दुसऱ्या आणू का? चौथी गोष्ट कुणी सांगू शकणार नाही, माहीत आहे.

टॉवरवासी

फार वाईट वाटलं वाचून. (मी तुमच्या शेजारचा सेक्रेटरी नाही, आधीच सांगतो.) एक बाळबोध शंका: कोंबडा दिलात ना, मग अंडी कशी येतात?

खारवी

@टॉवरवासी, कोंबडा असो-नसो, कोंबडी अंडं घालतेच. कोंबडा नसेल तर त्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच. बाजारातून आणता ती अंडीसुद्धा बिनकोंबड्याचीच.

ताई, तुमच्या मुलाने उत्तर दिलंय. भाताचा वास! ते उदमांजर. आमच्याकडे वेंगुर्ल्याला कांडेचोरही म्हणतात. ते फिरलं की आंबेमोहर शिजत असल्यासारखा वास मागे राहतो. लहानपणी माळ्यावर यायचं, आजी म्हणायची, वर कुणाचं तरी जेवण चाललंय. मुंबईत भरपूर आहेत, जुन्या कौलांत, टॉवरच्या डक्टमध्येसुद्धा. एरवी फळं खातं. तुमचा चिकू कोण खातंय, ते कधी बघितलंत का? पण खुराडं सापडलं तर सोडत नाही. आत कोंडलेल्या कोंबड्या फडफडायला लागल्या की भुकेपेक्षा जास्त मारतं.

मुंगूस दिवसा फिरतं, रात्रीचं हे काम त्याचं नव्हे. घूस जमीन उकरून येते आणि अंड्यांच्या, पिल्लांच्या मागे असते.

खात्री करायची तर रांगोळी घ्या. रात्री खुराड्याभोवती, ड्रमच्या झाकणावर आणि छपरावर पातळ पसरा. मांजराचा ठसा चार बोटांचा, नखं दिसत नाहीत. उदमांजराची बोटं पाच. आणि एक, ते चढणारं जनावर आहे. दाराकडे नंतर बघा, आधी वर बघा.

निवृत्त पशुवैद्य

भुरीबद्दल. प्रथम तिला उचलून पिसं उलटी करून पाहा, विशेषतः मान, पाठ आणि पंखाखाली. दाताची जखम बारीक असते आणि पिसांखाली झाकली जाते, दोन दिवसांत पू होतो. जखम असेल तर मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा आणि डॉक्टरांना दाखवा. हळद भरून बसू नका.

जखम नसेल तर हा धसका आहे. सकाळी दाणे टाकण्याआधी तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही फुगलेली, कणकेसारखी लागली तर कळवा. पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ द्या, एक-दोन दिवसच. मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून. हो, अंडं चालतं. दोन-तीन आठवडे अंडं घातलं नाही तरी घाबरू नका. विष्ठा हिरवट-पांढरी झाली, मान वाकडी होऊ लागली किंवा चोच उघडून श्वास घेऊ लागली तर मात्र थांबू नका. घरात मानमोडी होऊन गेलेली आहे.

मेलेल्या कोंबड्यांचं काय केलंत? खोल पुरून वर चुना टाकायचा. कचऱ्याच्या डब्यात नको.

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुंबईत हे लाड कशाला? अंडं कोपऱ्यावरच्या दुकानात सात-आठ रुपयाला मिळतं. बर्ड फ्लू आला की आजूबाजूच्या सगळ्यांच्या जिवाला घोर.

एक्सरची सून

@निवृत्त पशुवैद्य, चिकूखाली हातभर खड्डा करून पुरल्या. चुना मिस्टरांनी टाकला. मुलाने वर वीट ठेवली.

@रोखठोक, राग नाही. हिशेब मलाही येतो. खाद्य महिन्याला सात-आठशेचं, त्यावर तांदळाची कणी आणि शिंपल्यांचा चुरा वेगळा. अंडं दुकानातल्यापेक्षा महागच पडतं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला आणि मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांचे नमुनेही पॉझिटिव्ह आले, तेव्हा आम्ही महिनाभर कोंबड्या बाहेर सोडल्या नाहीत, वर हिरवी जाळी घातली. शेजारच्या काकू दारातून विचारायच्या, "आहेत ना गं सगळ्या?" त्यांना भीती होती की काळजी, हे मला अजून कळलेलं नाही.

@खारवी, अहो, अंगावर काटा आला. चिकू अर्धवट खाल्लेले पडतात, आम्ही वटवाघळांच्या नावावर खपवत होतो. आज रात्री रांगोळी टाकते.

एक्सरची सून

दोन दिवसांनी लिहितेय. पहिल्या रात्री काही नाही. काल रात्री ड्रमच्या झाकणावर ठसे. पाच बोटं, मुलाने तीनदा मोजली. ड्रमवरून खुराड्याच्या पत्र्यावर, आणि पत्र्याच्या मागच्या कोपऱ्यापाशी सगळी रांगोळी फिसकटलेली. तिथे पत्रा उचकटून वीतभर फट झालीय. पावसाळ्यात खिळा गंजून गेला असणार. पुढून काहीच दिसत नाही, झाडावर चढून बघितलं तेव्हा दिसली. कडेला भुरकट केस अडकलेले होते.

आईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ, वरून आलंय." मी मुलाला विचारलं, त्या दिवशी तू दार उघडलंस तेव्हा कडी होती का? तो दप्तर भरत होता. वर न बघता म्हणाला, "होती. मीच काढली." पुन्हा विचारलं नाही.

भुरीला जखम नाही. काल उकडलेलं अंडं खाल्लं. आईंनी तोंड फिरवलं.

आता त्या उदमांजराचं काय करायचं? मिस्टर पिंजरा लावू म्हणतात.

खारवी

पिंजरा नको, विष तर मुळीच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते संरक्षित आहे, अंगाशी येईल. आणि एक हलवलंत तर त्या जागी दुसरं येतं. जागा बंद करा. षट्कोनी जाळी, जिला लोक कोंबडीजाळी म्हणतात, ती कोंबडी आत ठेवायला ठीक, बाहेरच्याला अडवायला नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी) घ्या आणि छपराखाली सगळीकडून वॉशर घालून स्क्रूने मारा, खिळे नकोत. खाली फूटभर जमिनीत गाडा, घुशीसाठी. हवेला जागा राहू द्या, पत्र्याने सगळं बंद कराल तर मुंबईच्या दमटाईत विष्ठेच्या वाफेनेच आजारी पडतील. ड्रम तिथून हलवा, पायरीच आहे ती. आणि खाली पडलेले चिकू संध्याकाळी उचला.

कडी कसलीही असो, तिला वरून एक कॅरॅबिनर (स्प्रिंगने बंद होणारा हूक) अडकवा. ट्रेकिंगवाल्यांकडे मिळतो. लावला की खट्ट वाजतो, मग रात्री झोपेत आठवावं लागत नाही.

निवृत्त पशुवैद्य

एकटी कोंबडी फार दिवस ठेवू नका, ती कळपातली आहे. पण घाईही नको. नव्या आणाल त्या कमीत कमी तीन आठवडे वेगळ्या ठेवा, भांडी वेगळी, चप्पल वेगळी. मग आठवडाभर जाळीच्या पलीकडून एकमेकींना दिसू द्या. मग एका रात्री अंधार पडल्यावर दांडीवर शेजारी बसवा. चोचाचोची होईलच, रक्त निघत नाही तोवर मधे पडू नका. एकटी नवी आणलीत तर भुरी तिला जगू देणार नाही, तीन आणा.

पिल्लांऐवजी अडीच-तीन महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, बऱ्या. गावठीच हव्यात असं नसेल तर आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथे चौकशी करा. मानमोडीची लस चुकवू नका, लासोटा. अडचण अशी की बाटली शंभर डोसांच्या खाली सहसा मिळत नाही, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोण आणणार, म्हणून परसातली माणसं लस टाळतात आणि पावसाळ्यात रडतात. आसपासच्या चार घरांनी मिळून आणा. कोंबड्या एका ठिकाणी गोळा करू नका, लस घेऊन घरोघरी जा, दर घरी हात धुऊन.

टॉवरवासी

काल आमच्या बाराव्या मजल्याच्या डक्टमधून भाताचा वास आला. दोन वर्षं मी खालच्या बिऱ्हाडाला नावं ठेवत होतो.

एक्सरची सून

सगळ्यांचे आभार. सफाळ्याहून तीन तलंगा आल्यात, एक त्या जुन्या कोंबड्याचीच नात, असं मामेभाऊ म्हणतो. मागच्या पडवीत पिंजऱ्यात आहेत. भुरीला त्यांचा आवाज येतो, ती परसातून उत्तर देते. परवा रात्री दांडीवर चढली, भिंतीकडच्या जागेवर. अंडं अजून नाही.

वेल्डमेश लावून झाली. आई संध्याकाळी आधी पडवीतल्या तीन मोजतात, मग चपला बदलून परसात जातात आणि "चार" म्हणतात. कॅरॅबिनरचा खट्ट आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. तरी मी झोपायच्या आधी जाऊन हात लावून येते.

लासोट्याची बाटली शनिवारी मिळतेय. तीन डोस आमचे, भुरीचा धरून चार. बाकी शहाण्णव. एक्सर, गोराई, कांदरपाडा भागात कुणाकडे कोंबड्या असतील तर शुक्रवारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी आणि मुलगा सकाळी सातला थर्मास घेऊन स्कूटरवरून निघू.